गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

१ जानेवारी १९५३. वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल या छोट्या गावात फिकट निळ्या रंगाची एक कॅडिलॅक थांबली आणि तिच्या तरुण ड्रायव्हरच्या लक्षात आलं, की मागच्या सीटवर झोपलेला माणूस आता उठणार नाही. तो हँक विल्यम्स होता. वय २९. ओहायोतल्या कँटन गावी त्याचा कार्यक्रम ठरलेला होता. दारू, मॉर्फिन, पाठीच्या कण्याचं जन्मापासूनचं दुखणं, मोडलेला संसार: अमेरिकन कंट्री संगीताला दंतकथेसाठी लागणारा सगळा मालमसाला या एका मरणात होता, आणि गेली सत्तर वर्षं तो पुरवून पुरवून वापरला गेला आहे.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. हँक गेल्यानंतर पाच दिवसांनी त्याच्या मैत्रिणीला मुलगी झाली. ती आधी हँकच्या आईकडे आणि ही आजी वारल्यावर परक्या घरात वाढली. आपला बाप कोण, हे तिला कळेपर्यंत ती मोठी झाली होती. मग ती कोर्टाची पायरी चढली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा, म्हणजे जेट विल्यम्सचा, वारसाहक्क न्यायालयांनी मान्य केला आणि हँकच्या गाण्यांच्या उत्पन्नात तिला वाटा मिळाला. हँकची दुसरी बायकोही त्याआधी आपल्या हक्कासाठी कोर्टात गेली होती. भांडणाचं मूळ त्या गाण्यांतच होतं, कारण मालक गेल्यावरही रोज कमावत राहणारी मालमत्ता ती होती.

कंट्री संगीतावर लिहिणारे बहुतेक जण गायकाच्या यशापयशाचं कारण त्याच्या दुःखात शोधतात. आयुष्य खडतर म्हणून गाणं खरं आणि गाणं खरं म्हणून लोकप्रिय, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. नॅशव्हिलचा नामांकित गीतकार हार्लन हॉवर्ड याने केलेली ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ ही व्याख्या या समजुतीचं बोधवाक्य होऊन बसली आहे. व्याख्या छान आहे, पण तिच्यातून करारनामा गळला आहे. या क्षेत्रातल्या माणसांच्या कारकिर्दी ओळीने मांडून पाहिल्या, तर कोण तरला, कोण बुडाला आणि कोणाचं नाव पुसलं गेलं याचा उलगडा दुःखाच्या मापाने होत नाही. गाणं कोणाच्या नावावर लागलं, हे पाहिलं की तो बराचसा होतो.

त्यासाठी अमेरिकेतली व्यवस्था आधी समजून घ्यायला हवी. शेतात पीक कोणीही काढो, सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची जमीन. तिथे गाण्याचंही तसंच आहे. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल मिळून झालेली रचना. तिचा हक्क गीतकाराचा आणि त्याच्या प्रकाशकाचा. (कंट्रीमधला गीतकार सहसा शब्दांबरोबर चालही बांधतो.) दुसरी मालमत्ता ध्वनिमुद्रणाची, म्हणजे एका विशिष्ट गायकाच्या आवाजाची. तिची मालकी बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. १९०९ च्या कायद्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे रचनेच्या मालकाला २ सेंट ठरवून दिले आणि १९७७ संपेपर्यंत हा दर तसूभर हलला नाही. याहून महत्त्वाची गोष्ट रेडिओची. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं, की गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात. गायकाला कायद्याने एक पैही मिळत नाही. रेडिओ गायकाची फुकट जाहिरात करतो, त्यावर त्याने समाधान मानावं, असा स्टेशनमालकांचा जुना युक्तिवाद आहे.

म्हणजे ‘क्रेझी’ हे गाणं १९६१ पासून अमेरिकन रेडिओवर जितक्या वेळा वाजलं, तितक्या वेळा ते लिहिणाऱ्या विली नेल्सनच्या खात्यात काही ना काही जमा झालं. ते अजरामर करणाऱ्या पॅट्सी क्लाइनच्या खात्यात किंवा तिच्यामागे तिच्या कुटुंबाच्या खात्यात त्या वाजण्याचं काहीच आलं नाही.

ही व्यवस्था ज्याला सर्वांआधी नीट कळली, तो गायकही नव्हता आणि गीतकारही नव्हता. राल्फ पीअर हा रेकॉर्ड कंपन्यांसाठी नवे आवाज हुडकत फिरणारा माणूस. व्हिक्टर कंपनीशी त्याने केलेला सौदा वरवर पाहता खुळेपणाचा होता: मला पगार नको, मी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क तेवढे माझ्याकडे राहू द्या. १९२७ च्या जुलैअखेरीस तो ब्रिस्टलला आला. या गावाचा मुख्य रस्ता म्हणजेच टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा. रस्त्यालगतच्या एका हॅट कंपनीच्या रिकाम्या इमारतीत त्याने यंत्रसामग्री मांडली. सुरुवातीला फारसं कोणी फिरकलं नाही. मग स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, की या भागातल्या अर्नेस्ट स्टोनमन या गायकाने आदल्या वर्षी रेकॉर्डमधून ३,६०० डॉलर कमावले. दुसऱ्या दिवसापासून डोंगरातून माणसांची रीघ लागली. जी घटना पुढे ‘कंट्री संगीताचा जन्म’ म्हणून गौरवली गेली, तिच्या मुळाशी एक आकडा होता.

त्या पंधरवड्यात पीअरला दोन रत्नं सापडली: जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब. पीअरची निवडही त्याच्या हिशेबाला धरून होती. जुनी, कोणाचीच नसलेली लोकगीतं गाणारे त्याला फारसे उपयोगी नव्हते. ज्यांच्याकडे स्वतःची गाणी असतील, किंवा जुन्या गाण्यांना नव्याने नोंदवण्याइतपत घाट देता येत असेल, असे गायक त्याला हवे होते. गाण्यामागे ५० डॉलर आणि रॉयल्टीचा लहानसा हिस्सा त्यांना मिळे. हक्क पीअरच्या कंपनीत जमा होत. ‘आमचं स्वतःचं गाणं’ हा कंट्री गायकांचा अभिमान आज स्वभावधर्मासारखा वाटतो. त्याला पहिलं खतपाणी एका प्रकाशकाच्या व्यापारी गरजेने घातलं.

रॉजर्स रेल्वेत ब्रेकमनचं काम केलेला, क्षयाने पोखरलेला माणूस. त्याने अफाट पैसा कमावला, टेक्सासमधल्या केरव्हिल इथे बंगला बांधला आणि दुखण्याच्या खर्चापायी तो हातचा घालवला. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटच्या मुद्रणासाठी आला, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये आडवं होता यावं म्हणून स्टुडिओत खाट टाकावी लागली. काही दिवसांतच, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. त्याच्या यॉडलिंगच्या रेकॉर्ड कुठल्या कुठे पोहोचल्या. आपल्याकडे किशोर कुमारच्या यॉडलिंगमागेही रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या रेकॉर्ड असल्याचं सांगितलं जातं. रॉजर्सच्या कितीतरी गाण्यांच्या रचनेत त्याची मेहुणी एल्सी मॅकविल्यम्स हिचा हात होता. त्यातल्या अनेकांवर तिचं नाव नाही. तिने ते मागितलंही नव्हतं.

कार्टर कुटुंबाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. ए. पी. कार्टर डोंगराळ वस्त्यांमधून फिरून गाणी गोळा करत असे. लोकांच्या ओसरीवर बसून तो शब्द उतरवून घेई, पण चाल त्याच्या लक्षात राहत नसे. त्यासाठी त्याच्याबरोबर लेस्ली रिडल असायचा. हा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेलेला. कार्टर शब्द टिपणार, रिडल चाल डोक्यात साठवणार. परतल्यावर ती गाणी कार्टर कुटुंबातल्या सेरा आणि मेबेलच्या गळ्यात व बोटांत बसत, रेकॉर्ड होत आणि ए. पी. कार्टरच्या नावावर चढत. गाव ज्या गाण्याला पिढ्यानपिढ्या आपलं समजत होतं, त्याला एका दिवशी मालक मिळाला. तो मालक गरीब होता, कष्टाळू होता आणि त्याने गाणी विस्मृतीतून वाचवली, हे सगळं खरं. रिडलच्या वाट्याला हक्क आले नाहीत, हेही तितकंच खरं.

मालकीच्या या भांडणाचा सर्वांत क्रूर फटका बसला तो डीफोर्ड बेलीला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२५ मध्ये सुरू झालेला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम म्हणजे कंट्री संगीताचं पंढरपूर. त्याच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक बेली. बालपणी पोलिओ झालेला, अंगाने किरकोळ, आणि तोंडात हार्मोनिका धरली की आगगाडी हुबेहूब उभी करणारा कृष्णवर्णीय कलावंत. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. त्यामागे वर्णद्वेष होताच, पण निमित्त झालं ते हक्कांचं. गीतकारांची बडी संस्था ‘ॲस्कॅप’ हिने रेडिओकडून जादा शुल्क मागितलं. रेडिओवाल्यांनी उत्तरादाखल ‘बीएमआय’ ही स्वतःची संस्था काढली आणि १९४१ मध्ये कित्येक महिने ‘ॲस्कॅप’ची गाणी वाजवायचीच नाहीत असं ठरवलं. बेलीची लोकांना पाठ असलेली गाणी नेमकी त्या यादीतली. नवी गाणी वाजव, असं त्याला सांगण्यात आलं आणि तो ती वाजवत नाही, हे कारण पुढे झालं. बेलीने उरलेलं आयुष्य नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवून काढलं. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली २००५ मध्ये.

आणि ज्या भांडणाने बेलीला बाहेर काढलं, त्याच भांडणाने हजारो गोऱ्या गरीब गीतकारांना दार उघडून दिलं. ‘ॲस्कॅप’ ही न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित रचनाकारांची संस्था. डोंगरातल्या ‘हिलबिली’ गाण्यांना तिथे कोणी विचारत नसे. ‘बीएमआय’ला मात्र वाजवण्यासाठी गाणी हवीच होती, मग ती कोणाचीही असोत. गायक रॉय ॲकफ आणि न्यूयॉर्क-शिकागोच्या बाजारात मुरलेला गीतकार फ्रेड रोझ यांनी १९४२ मध्ये नॅशव्हिलमध्येच ‘ॲकफ-रोझ’ ही प्रकाशनसंस्था काढली ती या पार्श्वभूमीवर. तिने १९४६ मध्ये हँक विल्यम्सला करारबद्ध केलं. रोझ त्याच्या गाण्यांवरून हात फिरवी, सैल ओळी घट्ट करी आणि ती गाणी दुसऱ्या गायकांकडे पोहोचवी. टोनी बेनेटसारख्या शहरी गायकाने १९५१ मध्ये हँकचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ गाऊन देशभर नेलं. नॅशव्हिल संगीताची राजधानी झाली ती केवळ तिथे गाणारे होते म्हणून नव्हे. गाण्यांची कागदपत्रं तिथे ठेवली जाऊ लागली, हे त्याचं मोठं कारण.

या शहरात येणाऱ्याची पहिली परीक्षा गळ्याची नसे. पोट हातावर असताना गाणं विकायचं की धरून ठेवायचं, ही ती परीक्षा. विली नेल्सन तिच्यात आधी सपशेल नापास झाला. टेक्सासमध्ये गिटार शिकवून, रेडिओवर निवेदन करून दिवस काढताना त्याने ‘फॅमिली बायबल’ ५० डॉलरला आणि ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरला विकून टाकलं. १९६० मध्ये ‘फॅमिली बायबल’ गाजलं, पण त्यावर विलीचं नाव नव्हतं. मग तो नॅशव्हिलला आला. हँक कॉक्रन या गीतकाराने स्वतःची आठवड्याला ५० डॉलरची पगारवाढ सोडून त्याला आपल्या प्रकाशकाकडे, ‘पॅम्पर म्युझिक’मध्ये चिकटवलं. तिथे गॅरेजवजा खोलीत बसून गाणी लिहायची. असंच एकदा कॉक्रन फोन घ्यायला उठून गेला आणि समोरच्या भिंतींकडे बघत विलीने ‘हॅलो वॉल्स’ लिहून काढलं.

ते फॅरन यंगने रेकॉर्ड केलं. विलीचा खिसा तेव्हा इतका रिकामा, की गाण्याचे हक्क ५०० डॉलरला घेतोस का, म्हणून तो यंगच्या मागे लागला. यंगने हक्क घ्यायला साफ नकार दिला. हे गाणं विकू नकोस, असं बजावून त्याने ५०० डॉलर उसने दिले. १९६१ मध्ये ‘हॅलो वॉल्स’ कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. विली नेल्सनला महान करणारे प्रसंग चरित्रकारांनी पुष्कळ सांगितले आहेत: १९७० मध्ये जळलेलं घर, नॅशव्हिल सोडून ऑस्टिनला जाणं, १९७५ चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, १९९० मध्ये प्राप्तिकर खात्याने मागितलेले दीड कोटी डॉलरहून अधिक. पण मित्राचं गाणं मातीमोल भावाने घ्यायला नाही म्हणणारा फॅरन यंग नसता, तर पुढचा विली किती तग धरता, हा प्रश्नच आहे.

पॅट्सी क्लाइनला असा फॅरन यंग वेळेवर भेटला नाही. तिने १९५४ मध्ये ‘फोर स्टार’ या कंपनीशी करार केला. त्यातली अट अशी, की फोर स्टारच्या मालकीचीच गाणी गायची. असा गळा लाभलेली बाई वर्षानुवर्षं मालकाच्या कपाटातली दुय्यम गाणी गात राहिली. मधल्या काळात खरं गाजलं ते एकच, १९५७ चं ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. करार संपल्यावर १९६१ मध्ये कॉक्रन-हॉवर्ड जोडीचं ‘आय फॉल टू पीसेस’ आणि विलीचं ‘क्रेझी’ तिने गाजवलं. १९६३ च्या मार्चमध्ये विमान कोसळून ती गेली, तेव्हा ती ३० वर्षांची होती. मनासारखं गाणं निवडून गाण्याचा काळ तिला जेमतेम सव्वादोन वर्षं मिळाला.

बायकांच्या बाबतीत ही परीक्षा दुप्पट अवघड होती, आणि तिथे लोरेटा लिन आणि डॉली पार्टन यांची तुलना बोलकी आहे. दोघी डोंगरातल्या, दोघी लेकुरवाळ्या गरीब घरातल्या, दोघी स्वतः लिहिणाऱ्या. लोरेटा केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा नवरा-बायको गाडीत रेकॉर्ड घालून एकेका रेडिओ स्टेशनचा उंबरठा झिजवत फिरले. १९७२ मध्ये ‘कंट्री म्युझिक असोसिएशन’चा वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. गर्भनिरोधक गोळ्यांवर गाणं गायची हिंमत तिने १९७५ मध्ये केली आणि अनेक स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. अशी निर्भीड बाई करारात मात्र अडकली. उमेदवारीच्या काळात विल्बर्न बंधूंच्या प्रकाशन कंपनीला तिने गाणी लिहून दिली होती. फारकत घेतल्यावर कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या आणि तिच्या आयुष्यावरच्या गाण्यांचे हक्क तिच्या नव्हे, त्या कंपनीच्या ताब्यात राहिले.

डॉलीचा जन्म १९४६ चा, पूर्व टेनेसीतला. १२ भावंडांतली चौथी. तिच्या बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला मक्याच्या पिठाची गोणी देऊन फी भागवली होती. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नॅशव्हिलच्या बसमध्ये बसली. लवकरच तिने मामाबरोबर स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना लिहिलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ १९७४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि एल्विस प्रेस्लीचा निरोप आला: मला हे गायचं आहे. स्टुडिओची वेळ ठरली. आदल्या दिवशी एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्करने अट घातली, की गाण्याच्या प्रकाशनहक्कांपैकी निम्मे आमचे. एल्विसने गायलेल्या गाण्यांबाबत हा त्यांचा रिवाजच होता आणि भलेभले मान तुकवत आले होते. डॉलीने नाही म्हटलं. रात्रभर रडले, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं आहे. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं. ते अमेरिकेत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि ते गाणं डॉलीच्या मालकीचं होतं. हातात पैसा आणि निर्णय असलेल्या डॉलीने १९९५ मध्ये लहान मुलांना दरमहा घरपोच पुस्तक देणारी योजना सुरू केली. तिच्यातून वाटल्या गेलेल्या पुस्तकांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली आहे.

या मांडणीवर आक्षेप घेता येतात, आणि ते हलके नाहीत.

पहिला असा, की हक्क माणसाला वाचवत नाहीत. हँककडे चांगला प्रकाशक होता आणि रॉयल्टी येत होती, तरी तो २९ व्या वर्षी गेला. गीतकार टाउन्स व्हॅन झँटच्या ‘पांचो अँड लेफ्टी’ला विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांनी १९८३ मध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं, पैसे आले, पण दारूने त्याला सोडलं नाही. हे मान्यच आहे. मालकी ही व्यसनमुक्ती नव्हे. पण मालकी नसलेल्याला सावरायला दुसरी संधी मिळत नाही, हेही तितकंच स्वच्छ दिसतं.

दुसरा आक्षेप, की न लिहिणारे गायकही मोठे झाले. चार्ली प्राइड मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतकऱ्याचा मुलगा, बेसबॉलपटू, माँटानातल्या धातू वितळवण्याच्या कारखान्यातला कामगार. १९६६ मध्ये रेकॉर्ड कंपनीने त्याची पहिली गाणी स्टेशनांना पाठवली ती फोटो न जोडता, गायक कृष्णवर्णीय आहे हे आधी कळू नये म्हणून. १९७१ मध्ये तोच वर्षातला सर्वोत्तम कलावंत ठरला, आणि तो गायला ती बहुतेक दुसऱ्यांची गाणी. जॉर्ज जोन्सचंही तसंच. त्याचं १९८० चं सर्वांत गाजलेलं गाणं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिलं, आणि ते फार रडकं आहे म्हणून जोन्सला आधी नकोच होतं. पण अशा गायकाला कमवायचं तर गात राहावं लागतं. रोज नवं गाव, रोज नवा रंगमंच. दारूपायी जोन्सचे कार्यक्रम इतके बुडाले, की तो ‘नो शो’ जोन्स म्हणून ओळखला जाऊ लागला. कार्यक्रम बुडाला की कमाई बुडाली आणि वर खटले मागे लागले. गीतकार मात्र घरी झोपलेला असतानाही कमावतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल. गाण्याला मालक असावा का? जॉनी कॅशचं ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणं गॉर्डन जेंकिन्सच्या १९५३ च्या एका गाण्यावरून उचललेलं होतं. १९६८ मध्ये तुरुंगातल्या मैफलीची रेकॉर्ड प्रचंड खपल्यावर जेंकिन्सने दावा ठोकला आणि कॅशला सुमारे ७५ हजार डॉलर मोजावे लागले. पण जेंकिन्सच्या गाण्याचं नाव आणि सुरावटीचा धागा लिटल ब्रदर माँटगमरी या कृष्णवर्णीय पियानोवादकाच्या १९३० च्या दशकातल्या रचनेशी जुळतो. त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोहोचलं नाही. लोकसंगीत एकमेकांकडून घेतच वाढतं, हा युक्तिवाद रास्त आहे. अडचण अशी, की घेणं सगळ्यांचं असतं आणि नोंदणी मात्र ज्याला कचेरीची वाट माहीत त्याची होते. अलाबामात लहानग्या हँकला गिटार शिकवणारा रस्त्यावरचा वादक रूफस पेन, कार्टरचा सोबती रिडल, ऑप्रीतला बेली: कंट्री संगीताच्या पायातले हे कृष्णवर्णीय दगड कलेत कमी पडले नाहीत. ते नोंदवहीत नव्हते. म्हणूनच कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्सचं उदाहरण मोलाचं आहे. एबीसी-पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीशी करार करताना त्याने आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी मिळवली, आणि १९६२ मध्ये कंट्री गाण्यांचा संपूर्ण अल्बम काढला तो आपल्या मर्जीने. कंपनीच्या वरिष्ठांना ही कल्पना पसंत नव्हती, पण त्याला अडवणं त्यांच्या हातात नव्हतं.

आज चित्र बदललं आहे, पण नेमक्या याच रेषांवरून. नॅशव्हिलच्या म्युझिक रो भागात प्रकाशकांच्या कचेऱ्यांमध्ये दोन-तीन गीतकार सकाळी अकराच्या सुमारास खोलीत बसतात आणि दुपारपर्यंत गाणं संपवतात. प्रकाशक त्यांना दरमहा ठरावीक उचल देतो आणि पुढच्या रॉयल्टीतून ती वळती करून घेतो. पूर्वी या धंद्याला अल्बमचा आधार होता. २००६ ते २०२२ या काळातल्या ९.१ सेंट दराने, दहा लाख खपलेल्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला ९१ हजार डॉलर मिळत, मग ते गाजलेलं असो वा कोणी लक्षात न ठेवलेलं दहावं गाणं असो. स्ट्रीमिंगमध्ये ऐकलं जाईल तेवढ्याचेच पैसे. त्यामुळे न गाजलेल्या पण चांगल्या गाण्यावर घर चालवणारा गीतकार अडचणीत आला. गायकही आता गाणं लिहिण्याच्या खोलीत बसण्याचा आग्रह धरतात, कारण श्रेयनामावलीत नाव असलं की वाटा येतो.

टेलर स्विफ्ट याच शाळेतली. १४ व्या वर्षी तिने नॅशव्हिलमध्ये प्रकाशकाशी गीतकार म्हणून करार केला. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणं तिच्या इच्छेविरुद्ध विकली गेली, तेव्हा तिच्याकडे एक हुकमाचा पत्ता होता: गाणी तिने स्वतः लिहिली होती. २०२१ पासून तिने चार अल्बम पुन्हा गाऊन काढले आणि मे २०२५ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणंही विकत घेतली. तिच्या लढ्याची चर्चा पॉप जगातली म्हणून झाली. डावपेच मात्र डॉलीचे होते.

आणखी एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. कृष्णवर्णीय गायिका ट्रेसी चॅपमन हिने ‘फास्ट कार’ हे गाणं एकटीने लिहिलं आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. कंट्रीशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स याने ते जसंच्या तसं गायलं. ‘कंट्री म्युझिक असोसिएशन’चा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार गीतकाराला दिला जातो. तो त्या वर्षी चॅपमनला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. कोम्ब्स मोठा, उमदा गायक आहे आणि त्या गाण्याचं श्रेय तो तिला मोकळेपणाने देत आला आहे. तरीही हिशेब हिशेबाच्या जागी राहतो. त्या वर्षी ‘फास्ट कार’ अमेरिकेतल्या कंट्री स्टेशनांवर पहिल्या क्रमांकावर होतं. रेडिओवरच्या त्या प्रत्येक वाजण्याचे पैसे कायद्याने चॅपमनला मिळाले, कोम्ब्सला त्याच्या आवाजाचे काहीही मिळाले नाहीत. गायकांनाही रेडिओने मोबदला द्यावा, ही मागणी अमेरिकी काँग्रेससमोर वर्षानुवर्षं येते आहे. तसा कायदा अजून झालेला नाही.